घर-अंगण : जपानी घराची डागडुजी

जपानच्या खेड्यांतून माणसे शहरांत गेली, घरे मागे राहिली. २०२३ च्या सरकारी पाहणीत सबंध देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. अशातलेच एखादे लहान लाकडी घर घेऊन ते जुन्या धर्तीवर पुन्हा उभे करणारी कुटुंबे तिथे आहेत. त्यांची रीत पाहण्याजोगी आहे.

तिथे खोली तातामींवर मोजतात. तातामी म्हणजे भाताचा पेंढा दाबून केलेली, दोनेक इंच जाडीची बैठक. वरून लव्हाळ्यासारख्या गवताची विणलेली चटई. एक तातामी साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. सहा तातामींची खोली म्हणजे बारा फूट बाय नऊ. तेवढ्यात दिवसा बसणे-उठणे, जेवण, आणि रात्री गाद्या घातल्या की निजणे. सकाळी गाद्या घडी करून कपाटात! दोन खोल्यांच्या मध्ये सरकती दारे. ती उचलून ठेवली की कार्याला मोठी जागा मिळते. खिडक्यांच्या जागी लाकडी चौकटीवर पातळ पांढरा कागद. तो फाटला तर घरचीच माणसे खळ लावून नवा चिकटवतात.

भिंत मात्र आपल्या ओळखीची. बांबूच्या कामट्यांची जाळी आणि तिच्यावर पेंढा कालवून मुरवलेली माती. कुडाची भिंत लिंपणाऱ्या बाईला हे सांगायला नकोच.

पण नुसत्या देखणेपणावर भुलू नये. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेला भूकंप झाला, त्यात सहा हजारांवर माणसे गेली. पुष्कळशी जुन्या लाकडी घरांखालीच चिरडली. वर कौलांचे जड छप्पर, खाली भिंतींना आडवे-तिरपे आधार नाहीत. १९९३ साली किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि मातीच्या धाब्यांनी जे केले, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून जाणता सुतार आधी चटयांकडे पाहत नाही. घर १९८१ च्या भूकंपनियमांच्या आधीचे असेल तर तपासणी पहिली. मग छप्पर हलके करायचे, भिंतीत तिरपे दांडे घालायचे, सांध्यांना लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. खांबाचे बूड कुजले असेल तर तेवढेच कापून नवे लाकूड खाचेत सांधतात; अख्खा खांब फेकत नाहीत. हे सारे उरकले, पैसे शिल्लक राहिले, की मग तातामी.