पालकहो, यंदा शाळेकडे हा तास मागाच!

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे पालक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना कळकळीचे आवाहन

जूनमध्ये शाळा उघडतील आणि वर्षभराचे वेळापत्रक ठरेल. त्यात मुलामुलींच्या लैंगिक आरोग्यासाठी तास राखला गेला नाही, तर आणखी एक तुकडी काहीच न कळता पुढे जाईल.

दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा भाग आहे. पण कित्येक वर्गांत तो ‘घरी वाचून या’ एवढ्यावर आटोपतो. शिवाय दहावी म्हणजे उशीरच. पाळी सहावी-सातवीत येते, मुलांचा आवाज आठवीत फुटतो. मोठे बोलत नाहीत, म्हणून मुले मोबाइलला विचारतात आणि अश्लील चित्रफितींनाच खरे मानतात.

आपल्या गप्प बसण्याची किंमत मुले मोजत आहेत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती. केंद्र सरकारच्या 2007च्या देशव्यापी अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 2012चा पॉक्सो कायदा अठराखालील संमती मानत नाही, त्यामुळे सोळा-सतराव्या वर्षीचे प्रेमही पोलीस ठाण्यात पोहोचते. गुन्हा दाखल होईपर्यंत त्या दोघांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

‘शिकवले तर मुले बिघडतील’ ही भीती जुनीच. लैंगिक शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, तर अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना कोर्टात खेचले गेले. 2007 साली किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमालाही राज्यात असाच विरोध झाला. प्रत्यक्षात, नीट शिकवल्याने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, असे युनेस्कोने तपासलेल्या जगभरच्या अभ्यासांतून दिसते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांचा ‘तारुण्यभान’ उपक्रम खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींशी याच विषयांवर मोकळेपणाने बोलत आला आहे. तिथे जमते, तर आपल्या शाळेत का नाही?

म्हणून एवढे कराच:

1. पहिल्याच पालकसभेत आठवी ते दहावीसाठी नियमित तासाची मागणी करा. वर्षातून एकदा पाहुण्यांचे भाषण ठेवून भागणार नाही.

2. विज्ञानाच्या शिक्षकांवरच भार टाकू नका. सरकारी रुग्णालयातील ‘मैत्री क्लिनिक’चे समुपदेशक किशोरवयीनांसाठीच असतात, त्यांना बोलवा.

3. पाळीची माहिती मुलग्यांनाही द्या. नकाराचा मान राखणे, गर्भधारणा, एचआयव्ही, स्वप्नावस्था, कायदा यांवर मुलगे-मुली दोघांशीही बोला. संकोच वाटेल तिथे बैठका वेगळ्या घ्या आणि निनावी प्रश्नांसाठी पेटी ठेवा.

4. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची ‘सखी सावित्री’ समिती 2022पासून प्रत्येक शाळेत असायला हवी. आपल्या शाळेत ती आहे का आणि शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा.

5. 1098 हा बालकांसाठीचा मोफत मदत क्रमांक प्रत्येक वर्गात ठळक लावून घ्या.

मागणीला चार ओळींचे पत्र पुरते. सोबतच्या पालकांच्या सह्या घ्या, शाळा उघडेल त्याच आठवड्यात ते मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. महिनाभरात उत्तर आले नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.