कानाने पाहणारे वटवाघूळ

पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी वस्तीतल्या विजेच्या खांबाखाली थोडा वेळ उभे राहून पाहा. दिव्याभोवती पतंग जमतात आणि काळोखातून काहीतरी सर्रकन येऊन जाते. ते लहान वटवाघूळ. घरात शिरले की केसांत अडकेल म्हणून आयाबाया पदर डोक्यावर घेतात. पण अंधारात टांगलेला दोरासुद्धा चुकवणारा हा प्राणी आपल्या डोक्यावर कशाला आदळेल?

ते अंधारात उडते कसे, याचा शोध इटलीचे लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ साली सुरू केला. मेणबत्ती विझली की घुबड भिंतीवर आपटे, वटवाघूळ मात्र खुशाल उडे. त्यांनी काही वटवाघळे आंधळी करून सोडली. प्रयोग क्रूर होता, हे सांगितलेच पाहिजे. पुन्हा पकडल्यावर त्या आंधळ्यांच्या पोटातही डोळसांइतकेच किडे निघाले. मग जिनिव्हाचे सर्जन लुई ज्युरिन यांनी कान बंद करून पाहिले, तर ती जागोजाग धडकू लागली. स्पालान्झानींनी स्वतः तेच करून पाहिले आणि मान्य केले की, सारी करामत कानाची आहे.

पण ऐकायला आवाज तर हवा! तो कुणालाच येत नव्हता. फ्रान्सचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी एकही प्रयोग न करता सांगून टाकले की, वटवाघूळ स्पर्शाने वाट ओळखते. नाव मोठे, म्हणून लोकांनी ते खरे धरले. ज्यांनी करून पाहिले त्यांचे म्हणणे जवळजवळ दीडशे वर्षे अडगळीत पडले.

१९३८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी वटवाघळे घेऊन पिअर्स या प्राध्यापकांकडे गेला. माणसाला ऐकू न येणारे आवाज पकडणारे यंत्र त्यांच्याजवळ होते. वटवाघळे समोर धरताच यंत्र बोलू लागले! आपल्याला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. त्यांचे ओरडणे त्याच्या वरचे. पुढे ग्रिफिन आणि गॅलम्बोस यांनी दाखवले की, तोंड बांधले तरीही वटवाघूळ धडकते. आपणच ओरडायचे आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वस्तू कुठे आहे ते ओळखायचे, अशी ही रीत. किडा जवळ आला की ओरडण्याचा वेग सेकंदाला दीडशेच्याही वर जातो. (वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळे मात्र डोळे आणि नाक वापरतात.)

आता पतंगाची बाजू ऐका. पुष्कळ पतंगांना छातीच्या मागच्या भागात कान असतात. काही जातींत एका कानात ऐकणाऱ्या पेशी अवघ्या दोन! पण जीव वाचवायला तेवढ्या पुरतात. अमेरिकेचे केनेथ रोडर यांनी हे तपासले. वटवाघळाला पतंगाचा पत्ता लागण्याआधीच पतंगाला त्याचा आवाज येतो. आवाज दुरून आला तर पतंग तोंड फिरवून पळतो, अगदी जवळून आला तर वेडावाकडा उडतो किंवा पंख मिटून दगडासारखा खाली पडतो.

हे घरी करून पाहता येते. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला की त्यातूनही असे बारीक आवाज निघतात. आज रात्री दिव्याजवळ पतंग फिरू लागले की जुडगा हलवा आणि कोण खाली पडते ते मुलांना मोजायला सांगा. सगळे पडणार नाहीत. सगळ्याच किड्यांना कान नसतात.