भंडाऱ्याची माणसं गेली कुठे?

परवा शनिवारी स्टाटात १९९१ आणि २००१ च्या जनगणनेचे आकडे जिल्ह्याच्या नावावरून जोडले. बघतो तर काय, भंडारा २१ लाखांवरून थेट ११ लाखांवर! ना दुष्काळ, ना साथ. आधी घाबरलोच. मग आठवलं, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. त्यात गोंदियाचं इंग्रजी स्पेलिंग कुठे 'वाय' घालून, कुठे न घालता. सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे!

अशा वेळी एक्सेल उघडून हातानेच दुरुस्त करायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत: करू नका राव! सहा महिन्यांनी कोणता आकडा का बदलला, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. आणि तोवर त्या आकड्यांवर कुणी शाळा-दवाखान्यांचं गणित मांडलेलं असेल.

मूळ व्हेरिएबलला हात लावू नका. 'जनरेट'ने नवा काढा, 'रिप्लेस'ने भंडारा आणि दोन्ही स्पेलिंगच्या गोंदियाला एकच कोड द्या, 'लेबल' लावा, 'कोलॅप्स'ने बेरीज करा. चार-पाच ओळींची डू-फाइल. चुकलं तर सुधारून पुन्हा चालवा.

जुना भंडारा २००१ मध्ये सुमारे २३ लाख भरला. माणसं कुठेही गेली नव्हती, फक्त पाटी बदलली होती!