गोळीच्या नावातलं ‘हायड्रोक्लोराइड’ म्हणजे अ‍ॅसिड नव्हे

मागे एक बाई छातीत धडधडतंय म्हणून आल्या. नाडी पळत होती. प्रोप्रॅनोलॉलवर त्या कित्येक महिने छान होत्या. ‘गोळी चालू आहे ना?’ असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘आईला पित्ताचा त्रास आहे डॉक्टर, आणि पाकिटावर हायड्रोक्लोराइड लिहिलंय. नेटवर बघितलं तर ते अ‍ॅसिड! म्हणून चार दिवसांपूर्वी बंद केली.’

रागवणार होतो, पण निम्मी चूक माझी होती. ही गोळी अचानक बंद करायची नसते. तशी केली तर धडधड आणि रक्तदाब उसळतो, हृदयविकार असेल तर छातीत दुखू शकतं. हे मी ठासून सांगायला हवं होतं. पाकिटावरच्या नावाबद्दल तर आम्ही डॉक्टर बोलतच नाही. ‘पेशंटला केमिस्ट्री कशाला?’ असं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. तुम्ही नाव वाचताच, मग ते नीट कळलेलं बरं.

कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो, तो पांढरा धूर आठवतो? नवसागर म्हणजे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा क्षार. अमोनियात एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात. त्यांच्या जागी कार्बनचे गट आले की ते झालं अमाईन. एक गट असेल तर प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. प्रोप्रॅनोलॉल द्वितीयक आहे. अमोनियासारखीच बहुतेक अमाईन आम्लारी असतात आणि पाण्यात सहज विरघळावीत म्हणून औषधात ती आम्लाशी जोडून क्षार करून घालतात. आम्ल हायड्रोक्लोरिक असेल तर नावाच्या शेवटी हायड्रोक्लोराइड. 40 मिलिग्रॅमच्या गोळीत त्या आम्लाचा वाटा जेमतेम 5 मिलिग्रॅम, तोही क्षारात बांधलेला. आपलं जठर रोज लिटरभराहून जास्त आम्लरस बनवतं, त्यापुढे हे काहीच नाही.

नावाच्या शेवटी ‘अमाईन’ दिसलं म्हणून औषधाचं काम कळत नाही, हेही लक्षात घ्या. डोपामाइन आयसीयूत रक्तदाब वाढवायला देतात, क्लोरफेनिरामाइन सर्दीच्या गोळीत असतं आणि झोप आणतं. (‘व्हिटॅमिन’मधलं ‘अमिन’ तर चुकूनच आलं. 1912 साली फुंक यांना ही सगळी अमाईन असावीत असं वाटलं होतं. ‘क’ जीवनसत्त्वात नायट्रोजनच नाही!)

पण शेपूट नेहमीच बिनमहत्त्वाचं नसतं. हायोसिन हायड्रोब्रोमाइड आणि हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात. पहिलं तृतीयक अमाईनचा साधा क्षार आहे. ते मेंदूत शिरतं, म्हणून गाडी लागू नये यासाठी वापरतात आणि त्याने गुंगी येते. दुसऱ्यात नायट्रोजनला कार्बनचा चौथा गट चिकटवलेला आहे. त्यामुळे त्यावर कायमचा विद्युतभार बसतो आणि मेंदूत ते फारसं जात नाही. पोटात मुरडा आला की देतात ते हेच. प्रवासाला निघताना पोटदुखीची उरलेली गोळी घेऊन उपयोग नाही.

दुसरं उदाहरण मेटोप्रोलॉलचं, ते अनेकांच्या घरात असतं. सक्सिनेटची गोळी हळूहळू विरघळते, म्हणून साधारणतः दिवसातून एकदा. टार्ट्रेटची साधी गोळी लवकर उतरते, म्हणून बहुधा दोनदा. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी फक्त वेगळी’ म्हणून पाकीट बदललं, तर मेटोप्रोलॉलच्या पुढचा शब्द जुन्या पाकिटाशी ताडून बघा. जुळला नाही तर घेण्याआधी आम्हाला फोन करा. त्या बाईंचा मुलगा आता करतो. परवा रात्री साडेदहाला केला होता.