कुलूपबंद झरण्या

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत निवृत्तीचा समारंभ असो, षष्ट्यब्दी असो की एखाद्या संस्थेने केलेला सत्कार असो, शाल-श्रीफळाच्या जोडीला मखमली पेटीतील पेन देण्याची रीत आता चांगलीच रुजली आहे. पूर्वी हे पेन साधे असे. अलीकडे हौस आणि ऐपत दोन्ही वाढल्यामुळे ते विलायती, सोन्याच्या निबचे आणि क्वचित क्रमांक घातलेल्या मर्यादित आवृत्तीचेही असते. सत्कारमूर्ती ते हाती घेतात, छायाचित्र निघते, घरी आल्यावर कोणीतरी कौतुकाने त्यात शाई भरून दोन ओळी लिहून पाहतो आणि पेटी कपाटात जाते. दोन वर्षांनी ती उघडावी तर आतली शाई वाळून खडा झालेली असते. एवढे किमती पेन उमटत नाही म्हणजे विकणाऱ्याने फसविले, असा निष्कर्ष घरातल्या घरात काढला जातो. वस्तुतः त्या पेनला कोणी लिहूच दिलेले नसते, आणि न लिहिता ठेवावयाचे तर ते धुऊन ठेवावे लागते हेही कोणी सांगितलेले नसते.

किमती वस्तू जपून ठेवावी, ही आपल्याकडील मध्यमवर्गाची शिकवण आहे. दागिन्याला ती लागू पडते, पैठणीलाही काही अंशी पडते. झरणीला मात्र ती घातक ठरते. झरणी हे यंत्र आहे. निबेखालच्या काळ्या पट्टीतील केसासारख्या बारीक पन्हळीतून शाई खाली येते आणि तिच्या जागी तेवढीच हवा वर जाते. लुइस वॉटरमनने 1884 साली अमेरिकेत पेटंट घेतले ते या देवघेवीच्याच युक्तीचे. आजच्या लाखाच्या आगेमागे किंमत असलेल्या जर्मन पेनातही तत्त्व तेच आहे आणि मुलाच्या दप्तरातील शाईपेनातही तेच. पन्हळ मोकळी असेल तर दोन्ही लिहितात. ती बुजली की दोन्ही सारखीच निरुपयोगी होतात.

या मोहाचे टोक 2009 साली देशाने पाहिले. माँ ब्लाँ या प्रसिद्ध कंपनीने महात्मा गांधींच्या नावाने सोन्याच्या तारेने वेढलेले पेन बाजारात आणले. दांडीयात्रेच्या 241 मैलांचा हिशेब धरून त्याचे नग काढले 241 आणि एकेकाची किंमत ठेवली अकरा लाख रुपयांहून अधिक. निबेवर काठी टेकीत चालणारे गांधीजी कोरले होते. वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2010 साली विक्री थांबविण्यात आली. वाद मुख्यतः गांधीजींच्या नावाच्या वापराचा होता. पण त्यातील दुसरी विसंगती फारशी कोणी बोलून दाखविली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर रोज पत्रांचा ढीग लिहिला, त्याच्या स्मरणार्थ काढलेले हे पेन बहुधा कधीच लिहिणार नव्हते.

गांधीजींच्या पेनची खरी कथा निराळी आहे आणि ती नांदेडकरांना जवळची वाटावी अशी आहे. नांदेडहून गोदावरी पुढे आंध्रात उतरते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी राजमहेंद्रीवरून जाते. त्या गावच्या के. व्ही. रत्नम यांना गांधीजींनी 1921 साली नित्याच्या उपयोगाची एखादी स्वदेशी वस्तू करावयास सुचविले, असे सांगतात. रत्नम यांनी त्यातून पेन घडविले आणि ते वर्ध्याला पोहोचले. परदेशी पेनांच्या जागी हे चांगले चालेल, अशी पावती गांधीजींनी जुलै 1935 मध्ये वर्ध्याहूनच पत्राने दिली. पावती देण्यापूर्वी त्यांनी ते पेन लिहून पाहिले होते, हे येथे महत्त्वाचे. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 साली शाईच्या पुडीपासून आरंभ केला आणि पुढे ‘कॅमल’ शाई व कॅम्लिनची पेने मराठी मुलांच्या बोटांना निळे करीत राहिली. तीही याच काळाची गोष्ट. ही पेने संग्रहासाठी जन्मली नव्हती. आज संग्राहक ती शोधीत फिरतात, कारण त्यांनी भरपूर लिहिले आणि म्हणूनच ती थोडी उरली.

उंची पेनची आवड ही उधळपट्टी आहे, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चांगल्या पेनांची आवड सर्वश्रुत आहे. आणि त्यांच्या लेखनाचे खंड पाहिले तर त्या आवडीने काय फळ दिले हे वेगळे सांगावे लागत नाही. पेन किती रुपयांचे, यापेक्षा त्याने किती दौती रिकाम्या केल्या, हा प्रश्न अधिक योग्य होय.

मराठवाड्यात या प्रश्नाला एक जुना संदर्भही आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कागद उर्दूत, घरचा हिशेब मराठीत आणि जुने दस्त मोडीत, असा तिहेरी व्यवहार येथील लिहित्या माणसांनी पाहिला. चांगले पेन घ्यावयाचे तर वाट हैदराबादची. आबिदस भागात 1928 साली सुरू झालेले ‘डेक्कन पेन स्टोअर्स’ हे त्या पिढीचे ठिकाण. वकील, पेशकार, शिक्षक, लातूरच्या गंजगोलाईतील आडत दुकानांचे मुनीम यांच्या खिशाला लागलेली ती पार्कर, शेफर आणि पुढे स्वस्त चिनी ‘हीरो’ पेने आज नातवंडांच्या कपाटांत, जुन्या चष्म्यांच्या आणि बंद घड्याळांच्या शेजारी पडून आहेत. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा त्या शाईच्या अक्षरांकडे अवघ्या मराठवाड्याचे लक्ष लागले. ज्या पेनांनी असे कागद लिहिले, त्यांची मात्र कोणी चौकशी केली नाही.

ही पेने मेलेली नाहीत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वाळलेली शाई बहुधा पाण्याने सुटते. निबेचा भाग साध्या पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी निळे झाले की बदलावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत धीर धरावा. एक रात्र लागते, कधी चार दिवसही. गरम पाणी वापरू नये. स्पिरिट तर मुळीच नको. त्याने सेल्युलॉइडचे आणि प्लास्टिकचे अंग बिघडते. एबोनाइटचे पेन सबंध पाण्यात बुडविणे हीही चूकच, कारण ऊन आणि पाणी लागले की त्याचा काळा तुकतुकीतपणा जाऊन ते मळकट तपकिरी होते. जुन्या पेनात शाई धरणारी रबराची थैली असते. ती कडक होऊन तुटली की पेन गेले असे मानून लोक ते टाकून देतात. प्रत्यक्षात नवी थैली लाखेने चिकटवून बसविता येते आणि सत्तर वर्षांचे पेन पुन्हा लिहू लागते. दट्ट्याचे पेन जड फिरत असेल तर जोर लावू नये. त्याला सिलिकॉनचे किंचित ग्रीज लागते, खोबरेल तेल नव्हे.

लातूरकरांनी पाण्याकडेही पाहावे. 2016 च्या दुष्काळात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पेन धुण्यासाठी पाण्याची चिकित्सा करणे विनोदाचे वाटेल. पण कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार त्याच बारीक पन्हळीत बसतात, आणि शाई धुवावयास जावे तो चुना साठावा असे होते. शेवटचे खळखळणे पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्याने करावे. त्याला अर्धी वाटी पुरते. दोन्ही गावांचा उन्हाळा हा दुसरा शत्रू. अर्धे भरलेले पेन वैशाखात गाडीत राहिले की आतली हवा फुगते आणि शाई टोपणात उतरते. म्हणून अशा दिवसांत पेन पूर्ण भरलेले तरी असावे किंवा रिकामे तरी, आणि खिशात निब वर. शाई झरणीचीच असावी. चित्रकाराची लाखमिश्रित काळी शाई एकदा पेनात वाळली की पाण्याला दाद देत नाही, आणि लोहयुक्त जुन्या प्रकारची शाई पोलादी निबेला खाते. सोन्याच्या निबेला ते भय नाही. निबेवर 585 असेल तर सोने चौदा कॅरटचे, 750 असेल तर अठरा कॅरटचे. सोने मऊ असते; लिहिताना दाब देऊ नये आणि बॉलपेनच्या हाताला ते पेन सहीपुरतेही देऊ नये. ‘जरा पेन द्या’ म्हणणाऱ्याला नकार देणे आपल्याकडे जड जाते, हे खरे. त्यासाठी खिशात दुसरे स्वस्त पेन ठेवणारे जुने लोक शहाणेच होते.

संग्राहकांचे म्हणणे असे की, शाईचा थेंबही न लागलेल्या पेनला किंमत अधिक येते. बाजाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे, आणि ज्याला गुंतवणूकच करावयाची त्याने पेन कोरडे, उन्हापासून दूर ठेवावे. जुने सेल्युलॉइड असेल तर हवाबंद डबीत कोंडू नये. पण तसे करणारे थोडे. बहुतेकांची पेने ना कोरडी असतात ना लिहिती. शाईसह कोंडलेली असतात, आणि ही तिसरी अवस्था सर्वांत वाईट. खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू लागते. पाणी मात्र लागत नाही.

याहून मोठी अडचण दुरुस्तीची आहे. पेनची निब सरळ करणारा, थैली बदलणारा, टोपणाची सैल कडी आवळणारा कारागीर घड्याळवाल्यांच्या ओळीत कुठेतरी बसलेला असे. आता नांदेडच्या माणसाला सोन्याची निब वाकली तर हैदराबाद, पुणे किंवा मुंबई आठवावी लागते. लातूरचे तर विद्यार्थ्यांचे गाव म्हणून नाव झाले. पण ज्या प्रवेशपरीक्षेसाठी तेथे राज्यभरातून मुले येतात, ती ‘नीट’ बॉलपेनने वर्तुळे काळी करून द्यावयाची असते. त्या मुलांनी शाईपेन हाती धरले नाही तर दोष त्यांचा नाही. पण हात नाही म्हणून कारागीर नाही आणि कारागीर नाही म्हणून हात नाही, हे चक्र कोठेतरी तोडावे लागेल, आणि आरंभ किमती पेन विकणाऱ्यांनी करावयास हवा. दहा-वीस हजारांचे पेन काउंटरवरून विकणाऱ्या दुकानाने धुण्याची रीत गिऱ्हाइकाला मराठीत लिहून द्यावी, सुटे भाग ठेवावेत आणि एखाद्या होतकरू घड्याळ-कारागिराला हे काम शिकवून घ्यावे. महाविद्यालये सत्कारात पेन देतात. त्यांनी पेटीबरोबर एक दौत द्यावी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजसारख्या, 1950 पासून चालत आलेल्या संस्थांच्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी अशी पेने थोडीथोडकी नसतील. त्यांतली निम्मी जरी धुऊन निघाली, तरी एका कारागिराच्या पोटापुरते काम या दोन शहरांत सहज निघेल.