रमाबाईंची पत्रे आधी वाचावीत

पंडिता रमाबाईंनी धर्म बदलून बुद्धी मिशनऱ्यांकडे गहाण टाकली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिनना लिहिलेली पत्रे अ. भि. शहांच्या संपादनाखाली १९७७ साली छापली गेली. त्यांत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर चक्क वाद घालतात. क्रॉसवर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असे विचारतात. अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे! आणि हे सारे कोणाशी, तर ज्यांना त्या मायेने ‘आजीबाई’ म्हणत त्यांच्याशी. सभेतली श्रद्धा श्रोते पाहून बेतता येते. खासगी पत्रात आजीबाईंना ‘पटत नाही’ असे कळवायला मात्र धाडस लागते. गहाण पडलेली बुद्धी असे भांडते काय?

– एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)