बाजार फी घेता, मग धक्का कुठे आहे?



गुरांचा बाजार उठताना टेम्पोमागे उभे राहून पाहा. दोघे कासरा ओढतात, एक शेपूट पिरगाळतो, चौथ्याच्या हातात तुतारी. बैलाने छातीएवढी उंची उडी मारून चढायची! नाल मारलेला खूर लोखंडी पत्र्यावर घसरतो आणि गुडघा फुटतो. आम्ही हे कैकदा पाहिले आणि गप्प बसलो. हा आमचाही गुन्हा आहे.

कायदा काय म्हणतो? 1978 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे एका मालगाडीत 6 पेक्षा जास्त गुरे नकोत, तळाला पाय न घसरणारे काथ्याचे किंवा लाकडी अंथरूण हवे, सोबत माणूस हवा, दुसरा माल नको. 2016 पासून गाडीत गायी-म्हशींना किमान 2 चौरस मीटरचा आणि घोड्याला 2.25 चौरस मीटरचा खण हवा. नियम चांगलेच आहेत. पण त्यांचा जाच फक्त गाडीवाल्याला आणि शेतकऱ्याला! रस्त्यात अडवून पावती मागणारे पुष्कळ; बाजारात जनावर चढवायला धक्का आहे का, हे विचारणारा एकही नाही.

शर्यतीचा घोडा उतरत्या फळीवरून गादी लावलेल्या गाडीत चढतो. आमच्या बैलाच्या नशिबी काठी. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे पाय मोडलेला बैल औताला चालत नाही आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. तो दावणीला उभा राहून कडबा खाणार. पेरणीच्या तोंडावर दुसरा बैल आणायचा कशाच्या जोरावर?

आमची मागणी साधी आहे. बाजार समिती फी घेते ना? मग फाळक्याच्या उंचीचा मुरमाचा भराव, पुढे दगडी भिंत, दोन्ही अंगांना आडवे बांबू, एवढा धक्का तिने बांधावा. त्याला मोठा निधी लागत नाही, थोडी लाज लागते.

आणि आपणही शपथ घेऊ. भाडे वाचवायला 6 च्या जागी 10 बैल कोंबणार नाही. तळाला वाळू आणि बारदान टाकू. धक्का होईपर्यंत गाडी उंचवट्याला लावूनच बैल चढवू.

जिल्हा बैठकीत हात वर करून ठराव करा: धक्का नाही, तर फी नाही!